रक्त चांगलं आलं म्हणून

माझा धाकटा भाऊ गेला, त्याला आता वर्ष होऊन गेलं. अजून कुणी ना कुणी भेटतं आणि म्हणतं, "अक्का, कॅन्सरपुढं कुणाचं चालतंय?" मी मान हलवते. रस्त्यात उभं राहून काय सांगणार? पण खरं सांगायचं तर कॅन्सरपुढं आपलं चालतंय का नाही, हे आम्ही पुरतं बघितलंच नाही. त्याच्या आधी आमच्याच घरातलं एक कार्य आडवं आलं.

आम्ही तिघं भावंडं. मी थोरली. लग्न होऊन परभणीत आले ती इथलीच झाले. मधला आणि धाकटा बोरीच्या पलीकडं आमच्या गावी, एकाच अंगणात दोन चुली करून राहायचे. धाकट्याला दोन्ही पोरीच, त्या आपापल्या घरी गेलेल्या. त्यामुळं पाहुणा कुणाचाही असो, बसायचा मधल्याच्या ओसरीवर आणि बोलायचं मधल्यानं, अशी रीतच पडून गेली होती. धाकट्याला त्याचं काही वाटत नसे. म्हणायचा, "दादा बोलायलाय ना, मग मी तेवढ्यात चहा पिऊन घेतो."

चहाही कसा, तर भगुनं चुलीवरून उतरलं की तसाच उकळता. बशीत ओतायचा धीर नाही. तंबाखूची डबी झोपेतसुद्धा उशाला. मी रागवायची, "अरे, नरडं हाय का लोखंडाची नळी?" तो डबी माझ्यापुढं करून म्हणायचा, "घे की जराशी, राग उतरतो."

मग एका उन्हाळ्यात भावजयीचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन आला.

"अक्का, ह्यायनं भाकरी मागायचीच सोडली."

"कामून गं?"

"पित्त हाय म्हणायलेत. भात बी पाण्यासंगं ढकलायलेत. काल उमासा आला तर सगळं बाहेर. मी इचारलं तर माझ्यावरच खेकसले."

मी त्याला परभणीला बोलावून घेतलं. ताटात भाकरी-वरण वाढलं आणि समोर बसले. घास तोंडात फिरवत राहिला, फिरवत राहिला. छातीच्या मधोमध हात दाबून धरला, पाणी प्यायला, आणि डोळ्यांतून पाणी आलं तरी म्हणतो, "तिखट लय टाकलंस." वरणात तिखट नव्हतंच. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन दवाखाना गाठला.

घशातून दुर्बीण घातली, तुकडा काढून तपासायला पाठवला. अन्ननलिकेत गाठ निघाली, कॅन्सरची. पुढचा इलाज नांदेडला. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या नातीएवढ्या असतील. पण बोलणं असं की समोरच्याला वाटावं, आपण अडाणी नाही. त्यांनी सांगितलं, आधी मशीनच्या किरणांचा शेक द्यायचा आणि जोडीला सलाईनमधून औषध. गाठ आकसली की मग मोठं ऑपरेशन, गाठीचा भाग काढून खालचं पोट वर ओढून जोडायचं. हे ऐकून धाकटा म्हणाला, "म्हणजे माझं पोट नरड्याला येणार म्हणा की." बाई हसल्या. मला काही हसू आलं नाही.

त्या रक्त फार काढायला लावायच्या. दर खेपेला दंडाला पट्टी. पहिल्याच दिवशी चार बाटल्या भरल्या, तशी धाकटा म्हणाला, "मॅडम, एवढं रक्त काढायलाव, बाजारात नेऊन विकायलाव का काय?" तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं वाणसामानाच्या पुड्या सोडून वाचत शिकले. पण ते सांगणं मला नीट समजलं. म्हणाल्या, "आजी, गाठ एका जागी असते, पण तिच्यामुळं सगळ्या अंगात एक दाह सुरू होतो. तो बाहेरून दिसत नाही, रक्तात दिसतो. सीआरपी म्हणून एक तपासणी असते, दाह वाढला की तिचा आकडा चढतो. अल्ब्युमिन म्हणजे अंगातलं सत्त्व समजा, ते उतरायला लागतं. आणि पांढऱ्या पेशींत दोन जाती असतात. एक दाह दिसला की झुंडीनं धावून येते. दुसरी गाठीशी मुकाट्यानं झुंजते. पहिली फार वाढली आणि दुसरी घटली, की आम्हाला काळजी वाटते."

मी विचारलं, "मग ह्यावरनं माणूस किती जगल ते कळतं व्हय?"

"नाही आजी. एका माणसाचं असं सांगता येत नाही. पण वारं कुठल्या बाजूनं वाहतंय त्याचा अंदाज येतो. इलाज अंगाला झेपेल का, ऑपरेशननंतर जखम भरेल का, हे ठरवायला उपयोग होतो. आणि हे आकडे बदलतात, म्हणून तर पुन्हा पुन्हा बघतो."

आकडे बदलतात. हे त्यांनी अगदी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तेव्हा मधलाही शेजारीच बसलेला होता.

तेव्हाचं रक्त काही बरं नव्हतं. बाईंनी लपवलं नाही. शेक सुरू झाला. आम्ही दोघं बहीणभाऊ सकाळच्या गाडीनं जायचो, दिवस मावळता परत. तो पावसाळा आम्ही रेल्वेतच काढला म्हणा. चुडाव्याला गाडी थांबली की तो खिडकीतून प्लॅटफॉर्मवरचा भजीवाला बघायचा आणि म्हणायचा, "बरा झालो की पहिल्यांदा हितं उतरायचं." मधे मधे तर त्याला थुंकीसुद्धा गिळवत नव्हती. आतून सोललं गेलं होतं. मी बाटलीतून दूध नेत असे, तो एक घोट घेई आणि अर्धा तास डोळे मिटून बसे. भावजय गावी जनावरं बघायची, रात्री फोनवर रडायची आणि रडता रडता म्हशीनं दूध किती दिलं तेही सांगायची.

शेक संपला. हळूहळू आतली आग थंडावली आणि दिवाळीच्या तोंडावर त्याचं नरडं मोकळं झालं. आधी शिरा उतरला. मग दुधात भिजवलेली भाकरी. वाटी चाटून पुसून त्यानं माझ्या हातात दिली. मी आत जाऊन रडून घेतलं.

दिवाळी झाल्यावर पुन्हा तपासण्या. डॉक्टरीणबाईंचा चेहरा बघूनच मला कळलं. सीआरपी उतरलेलं, अल्ब्युमिन चढलेलं, त्या दोन जातींचं प्रमाणही ठिकाणावर आलेलं. फोटोत गाठ आकसलेली. म्हणाल्या, "रक्त छान आलंय. अंग ऑपरेशन सोसण्याजोगं झालंय. हीच वेळ आहे, आता लांबवायचं नाही. तारीख घेऊन टाकू."

मी तिथूनच गावी फोन लावला. "रक्त चांगलं आलं," म्हणाले. एवढंच म्हणाले. परत येताना पेढे घेतले.

त्याच आठवड्यात मधल्याच्या पोराची सुपारी फुटली. मुलगी चारठाण्याकडची, घर चांगलं, पोरगी शिकलेली. मुहूर्त निघाला मार्गशीर्षाच्या शेवटाला. मी खूश झाले. आधी ऑपरेशन उरकेल, मग धाकटा काठी टेकत का होईना, मांडवात येईल, असं मी धरून चालले होते. मधला पेढे द्यायला म्हणून माझ्या घरी आला. चहा झाला. बशी बाजूला ठेवून म्हणाला,

"अक्का, मी मॅडमला फोन केला हुता. इचारलं, ह्या ऑपरेशनात माणूस जातो का. म्हणल्या, धोका असतो."

"मोठ्या ऑपरेशनात असतोच की. पुढं काय म्हणल्या?"

"पुढं म्हणल्या बरंच. पण धोका असतो म्हणल्या का न्हाई?"

"मग?"

"मग जरा शांतपणानं इचार कर. टेबलावर काही बरंवाईट झालं तर सुतक. सुतक तर सुतक, वर्षभर घरात शुभकार्य न्हाई. पोरीकडचे वर्षभर थांबतेत व्हय? त्यायला काय दुसरी पोरं मिळत न्हाईत?"

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. मग कळलं.

"म्हणजे ऑपरेशन करायचं न्हाई?"

"न्हाई करायचं कोण म्हणायलंय! लग्नानंतर करू. रक्त चांगलं आलंय ना? तूच फोनवर सांगितलंस. रक्त वाईट असतं तर मी बी घाई केली असती. चांगलं हाय म्हणल्यावर महिना-दीड महिना काय हुतंय?"

"अरे, चांगलं आलंय म्हणून तर आत्ता करायचं! मॅडम काय म्हणल्या पहिल्या दिवशी? आकडे बदलतेत."

"तुला सोपं हाय अक्का. तुला सुतक तीन दिवसांचं. आमाला तेरा."

असं म्हणाला. माझ्या ओसरीवर बसून, माझा चहा पिऊन. दिल्या घरच्या पोरीनं माहेरच्या कार्यात तोंड घालू नये, हे त्यानं साळसूदपणे सांगितलं आणि चप्पल घालून उभा राहिला.

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आजी, पेशंटची तयारी पाहिजे. त्यांना आणा, मी बोलते." मी गावी गेले. पण मी पोचायच्या आत मधल्यानं भावकीतली जाणती मंडळी अंगणात बसवली होती. धाकटा मधोमध, अंगावर शाल. आणि सगळ्यांच्या देखत मधल्यानं त्याला विचारलं, "तुझं तू सांग बाबा. आधी तुझं ऑपरेशन का आधी पोराचं लग्न? तू म्हणशील तसं."

अशा बैठकीत कोण म्हणेल, आधी माझा जीव? धाकट्याच्या नरड्याखाली नुकता घास उतरू लागला होता. त्याला वाटत होतं आपण बरेच झालो. तो हसून म्हणाला, "होऊ द्या की लग्न. माझं कुठं काय पळून जायलंय?"

सगळी मंडळी हसली. कुणीतरी म्हणालं, "काका असावा तर असा." दाराआडून भावजयीनं माझा पदर ओढला, "अक्का, तुमी तरी बोला." मी बोलले. सगळ्यांच्या समोर बोलले, की बाबांनो, ही वेळ गेली तर परत येत नसते, लग्नाला मुहूर्त दुसरा मिळेल. तर एक म्हातारा म्हणाला, "अक्का, कार्य निघालेल्या घरात असं वंगाळ बोलू न्हाई." आणि उठले सगळे. चहाला म्हणून मधल्याच्या ओसरीवर गेले.

पोरीकडच्यांना तर काही सांगायचंच नाही असं ठरलं. घरात कॅन्सर आहे म्हटलं की लोक बिचकतात. शेकानं छातीवरचं कातडं काळं पडलं होतं, तर गळ्यापर्यंत बटणाचा शर्ट शिवला. वजन घटलेलं, तर "पित्तानं बेजार हाय," एवढं सांगायचं. त्याला स्वतःलाही तेच सांगायला लावलं.

मार्गशीर्ष येईतो त्याचं नरडं पुन्हा आवळायला लागलं होतं. त्यानं कुणाला कळू दिलं नाही. पाणी पिताना ठसका लागे, रात्री खोकला उठे. भावजयीला शपथ घातली होती, लग्नाच्या धामधुमीत अक्काला सांगायचं नाही म्हणून. मला तिनं ते नंतर सांगितलं.

लग्नात मी त्याच्याकडंच बघत होते. डोक्याला गुलाबी फेटा, त्याखाली तोंड एवढंसं. जेवायला त्याला नव्या व्याह्याशेजारी बसवलं, मानाचा काका म्हणून. नको म्हणता येईना, कारण नको का, ते सांगायचं नव्हतं. व्याही बिचारा भला माणूस. त्याला काय ठाऊक? हातात जिलेबी घेऊन आग्रह करायला लागला.

"काका, एक तरी घ्या. लेकीच्या बापाचा आग्रह मोडू न्हाई."

"पित्त हाय हो पावनं."

"जिलेबीनं कुठं पित्त हुतंय? गोडानं उतरतंय उलट. आ करा."

आणि त्यानं आ केला. माझ्या भावानं सगळ्या पंगतीसमोर तोंड उघडलं आणि व्याह्यानं घास घातला. लोकांनी टाळ्या पिटल्या. फोटोवाल्यानं फोटो काढला. मी वाढप्यांच्या मागं उभी होते. त्याचं गिळणं होईना, थुंकणं होईना. मग त्यानं उपरण्यात तोंड लपवून खोकला काढला आणि घास त्यातच काढून मुठीत धरला. जेवण संपेपर्यंत ती मूठ त्यानं उघडली नाही. मधला समोरच बसला होता. त्यानं ते पाहिलं, आणि वाढप्याला हाक मारून म्हणाला, "हिकडं मठ्ठा आण."

लग्न झालं. मला वाटलं, दुसऱ्या दिवशी नांदेड. तर मांडवपरतणी राहिलेली. मग सत्यनारायण. मग कुळाचा गोंधळ घालायचा, नवं जोडपं देवाला न्यायचं. "एवढं झालं की लगेच," असं प्रत्येक वेळी. शेवटी त्याला ताप भरला, तेव्हा मी भाड्याची गाडी करून गावी गेले आणि कुणाला न विचारता त्याला उचलून आणलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याला बघितलं आणि रक्ताची चिठ्ठी लिहिली. आम्ही बाहेर बाकावर बसलो. मधलाही मागून आला होता, नव्या जावयासारखा परीटघडीचा शर्ट घालून. रिपोर्ट आले. सीआरपी फार चढलेलं, अल्ब्युमिन पार उतरलेलं. झुंडीनं धावणारी जात वाढलेली, झुंजणारी आटलेली. छातीत पाणी झालेलं, आणि फोटोत गाठीनं काळजावर पिलावळ घातलेली. काळीज म्हणजे यकृत, असं बाईंनीच सांगितलं. ऑपरेशन आता होणार नव्हतं. नळी बसवून घास उतरेल एवढं बघायचं, आणि दुखणं कमी ठेवायचं.

मधला म्हणाला, "पण मॅडम, रक्त तर चांगलं आलं हुतं."

बाईंनी दिवाळीनंतरचा रिपोर्ट काढून त्याच्यापुढं ठेवला. "तेव्हा चांगलं आलं होतं. म्हणूनच मी तेव्हा बोलावलं होतं."

मधला भिंतीकडं बघायला लागला. मी विचारलं, "तवा केलं असतं तर वाचला असता का?"

"आजी, मी तसं छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. सगळं वेळेवर करूनही काहींचं परत उलटतं. पण तेव्हा करता आलं असतं."

खोटा दिलासा द्यायच्या नाहीत त्या. मला वाटतं तेव्हा दिला असता तरी चाललं असतं. वाचला असता म्हणाल्या असत्या तर मी मधल्याचं तोंड बघितलं नसतं. नसता वाचला म्हणाल्या असत्या तर मनाला समजावलं असतं. आता दोन्ही करता येत नाही.

नळी बसवल्यावर मी त्याला गावी पाठवला नाही, माझ्याकडं ठेवला. भावजय म्हशी विकून आली. तो पातळ खायचा आणि मस्करी करायचा, "अक्का, तुमी दोघींनी मला बाळंतीण करून ठिवलंय." एकदा नळी बघायला म्हणून नेलं, तर डॉक्टरीणबाईंना म्हणतो, "मॅडम, रक्त काढा की."

"काका, आता त्याची गरज नाही. उगाच सुई कशाला?"

"असू द्या. मागल्या बारीला चांगलं आलं हुतं."

बाईंनी नर्सला खूण केली. त्यानं बाही वर केली, दंड पुढं धरला. दंड कसला, काडीच ती. रिपोर्ट काय आला ते त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी मधल्याचा फोन आला. बऱ्याच दिवसांनी आला होता. रक्त काढल्याचं त्याला भावजयीकडून कळलं असावं. "रक्ताचं काय आलं अक्का?" मला वाटलं, आतडं तुटलं असेल भावाचं.

"कामून इचारायलास?"

"न्हाई, बारक्या पोराला एक स्थळ आलंय. चैतातला मुहूर्त म्हणायलेत. मॅडम काय म्हणायल्यात, कुठवर जाईल... म्हणजे तसं नियोजन करायला."

खाटेवरून धाकट्यानं विचारलं, "दादा हाय का? काय म्हणायलाय?" मी म्हणाले, "काही नाही." पण फोनमधला आवाज मोठा, त्याला ऐकू गेलं असणार. तो छताकडं बघत म्हणाला, "सांग त्याला, जवळचा मुहूर्त धर म्हणावं." त्यात टोमणा नव्हता. शेताचा वाफसा बघून पेरणीचा दिवस सांगावा, तसं सांगितलं. मी फोन बंद केला.

चैत्र लागायच्या आत तो गेला. तेरावा गावी झाला. मी तीन दिवसांनी मोकळी झाले होते, तरी तेराव्यापर्यंत थांबले.

आणि वैशाखात मधल्याचा माणूस माझ्या दारी पत्रिका घेऊन आला. बारक्या पोराचं लग्न. मी म्हटलं, चूक झाली असेल, पुढच्या सालची असेल. नव्हती. मी मधल्याला फोन लावला.

"वर्ष व्हायचंय की रे."

"भटजीनं तोड काढली अक्का. शांत करून घेतली की चालतं म्हणले. पूजा असती एक, सकाळी बसलं की दुपारपर्यंत उरकती."

"मग ही शांत तवा न्हाई व्हय करता आली? त्याचं ऑपरेशन आधी केलं असतं, काही बरंवाईट झालं असतं, तर करायची की शांत!"

मागं मांडवाचे बांबू उतरवायचा आवाज येत होता, आणि कुणीतरी त्याला विचारत होतं, स्टेज कुठल्या तोंडाला करायचा.

मग म्हणाला, "तवा भटजीला कुणी इचारलंच न्हाई, अक्का."